भावोजींचं पहिलं पिस्तूल

माझ्या थोरल्या दिरांइतका सावकाश खरेदी करणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो अजून दुकानातच उभा असेल. त्यांनी आयुष्यात पहिल्या दुकानातून काही घेतलं नाही. दुसऱ्यातूनही नाही. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते परचेसला होते, आणि त्या खात्याचा कायदा असा की तीन कोटेशन हातात आल्याशिवाय साधा खिळासुद्धा मागवायचा नाही. बाकीची माणसं असले कायदे संध्याकाळी ऑफिसातच ठेवून घरी येतात. भावोजी ते घरी घेऊन आले, गावी घेऊन गेले, बोहल्यावरही घेऊन चढले. लग्नाच्या वेळी पहिलीच मुलगी त्यांना पसंत पडली होती म्हणे, पण तीन झाल्याशिवाय ठरवायचं कसं, म्हणून आणखी दोन पाहिल्या. आणि तिसऱ्या घरी आमच्या जाऊबाईंच्या हातचे पोहे खाऊन तिथेच ठाण मांडून बसले. जाऊबाई अजूनही चिडल्या की म्हणतात, "मी काय बाई, तिसरं कोटेशन." त्यावर भावोजी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात, "पण टेक्निकलमध्ये तूच पास झालीस."

अंगाने काडी, पट्ट्याचं टोक कमरेभोवती निम्मं फिरून आलेलं, खिशाला दोन पेनं आणि दोरीने गळ्यात लटकवलेला चष्मा. अजमानमध्ये चारजणांच्या खोलीत त्यांचा एक पलंग होता, आणि शुक्रवारी दुपारी जेवायला ते शारजाला आमच्याकडे यायचे. येताना हात हलवत कधी आले नाहीत. पण आणलेल्या केळ्यांबरोबर बाकीच्या दोन दुकानांतल्या केळ्यांचे भाव आणि दोषही आणायचे. एकदा मी त्यांना न विचारता मिक्सर घेतला. झालं! जेवण राहिलं बाजूला, भावोजी ओट्यापाशी उभे राहून मिक्सर रिकामा फिरवताहेत, कान लावून आवाज ऐकताहेत, झाकण उलटंसुलटं करून बघताहेत. शेवटी म्हणाले, "चांगला आहे मनीषा, पण याचं भांडं फुटलं तर सुटं मिळतं का, विचारलंस?" मी म्हटलं, "भावोजी, आज आणलाय हो, अजून चटणीसुद्धा वाटली नाही." ते म्हणाले, "तेच तर. चटणी वाटायच्या आधीच विचारायचं असतं." आणि शारजातल्या रोला बाजारात एका चपलांच्या दुकानात तर त्यांनी इतक्या चपला घालून, इतक्या फेऱ्या मारून पाहिल्या की तिथल्या मल्याळी सेल्समनने त्यांना पाणी आणून दिलं, बसायला स्टूल दिलं आणि हात जोडून म्हणाला, "हबीबी, लेना है तो लो, नहीं तो नमाज का टाइम हो गया." भावोजी पाणी प्यायले, आभार मानून पुढच्या दुकानात गेले.

या सगळ्यात एक नियम मात्र मला नीट समजून घ्यावा लागला, कारण पुढे माझा सगळा संसार त्या नियमावर टांगला गेला. परचेसमध्ये भाव ठरला, माल ठरला, साहेबाची सही झाली, तरी कुणी एखादी तांत्रिक शंका काढली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'टेक्निकल क्वेरी' काढली, की ऑर्डर जागच्या जागी थांबते. शंका कितीही फालतू असो. लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "क्वेरी ओपन असताना ऑर्डर सोडली तर माझी नोकरी जाईल," असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा देवळात असल्यासारखा व्हायचा. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघते. मला तेव्हा वाटायचं, बरं आहे यांचं, लोखंडाला कळा येत नाहीत.

भावोजींना एकच मुलगा. निखिल. माणगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथे तो आईजवळ राहायचा आणि औषधांच्या कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचवायचा. त्याला मोटारसायकल हवी होती. आता बापाने किती दिवस घ्यावेत? भावोजींनी आख्खा हिवाळा आणि आख्खा उन्हाळा घेतला. इथे शारजात बसून, फोनवर, माणगाव, महाड आणि पनवेलच्या शोरूमवाल्यांना त्यांनी इतकं छळलं की पनवेलवाला नंबर बघूनच फोन उचलेनासा झाला. रंग बघितला नाही, ॲव्हरेज बघितलं नाही. त्यांना फक्त ब्रेक हवे होते. कोकणातले रस्ते, वळणं, पावसातली लाल माती, म्हणून ब्रेक. अखेर जी घेतली तिचे ब्रेक सगळ्यांत चांगले होते, आणि निखिल मला फोनवर हसत म्हणाला होता, "काकी, बाबांनी गाडी नाही दिली, ब्रेक दिलेत. बाकीचे पार्ट फुकट आले बरोबर."

ब्रेक खरंच चांगले होते. पंचनाम्यात आहे ते. समोरून रेतीचा डंपर चुकीच्या बाजूने येताना पाहून पोराने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन पूर्ण थांबवली होती. गाडी उभी होती. उभ्या गाडीवर डंपर आला. चालवत होता तो डंपरचा मालक स्वतः, दुपारीच पिऊन. आमच्या शेजारच्या गावचा. पण पोलिसांपुढे उभा राहिला त्याचा ड्रायव्हर, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांना कोर्टात काही आठवेना, आणि पुराव्याअभावी सगळे सुटले. मालकाने सुटल्यावर गावाच्या नाक्यावर स्वतःचा वाढदिवसाचा फलक लावला. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. 'तो' म्हटलं की पुरतं. त्याचे डंपर अजूनही जाऊबाईंच्या अंगणासमोरून जातात, आणि जाऊबाई त्या वेळी आत जाऊन नळ सोडून ठेवतात, म्हणजे आवाज ऐकू येत नाही.

भावोजी दिवसकार्य करून परत आले. रडले असतील तर विमानात रडले असतील. पुढच्या शुक्रवारी केळी घेऊन जेवायला आले, तिन्ही दुकानांचे भाव सांगितले, मला वाटलं, चला, माणूस सावरतोय. तसेच दिवस गेले, कोर्टाचा निकालही लागला. आणि मग एका शुक्रवारी, मी सुरमईची तुकडी त्यांच्या ताटात वाढत असताना, फ्रीज घ्यायचाय अशा आवाजात ते म्हणाले, "पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. गावी कायमचा गेल्यावर. पहिलंच आहे, तर फुल साइजच घ्यावं."

ह्यांचा घास हातातच राहिला. ह्यांना दादापुढे बोलायची सवय नाही, ते माझ्याकडे बघायला लागले. आमची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "व्हॉट? मोठे काका, दॅट इज सो रँडम." मी विचारलं, "कशाला हो भावोजी?"

"रानडुकरं."

"पिस्तुलाने रानडुक्कर?"

"हल्ली अंगणापर्यंत येतात," ते म्हणाले, आणि काटा काढून ताटाच्या कडेला नीट ठेवला.

अंगणासमोरून काय जातं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून आमच्या शुक्रवारांना जी दशा आली ती आली. भावोजींनी पिस्तुलाचा अभ्यास सुरू केला, आणि भावोजींचा अभ्यास म्हणजे काय ते सांगायला नकोच. जेवताना, चहा पिताना, कपडे वाळत घालायला मी बाल्कनीत गेले तर माझ्या मागे येऊन ते मला पिस्तुलं समजावून सांगायचे. छोटं पिस्तूल लपवायला सोपं, पण मारायला अवघड. हातात उड्या मारतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने मोठंच घ्यावं. मुठीत चारही बोटं बसतात, अंगात वजन असतं म्हणून झटका कमी, आणि नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जास्त म्हणून नेम चुकला तर आपला आपल्याला कळतो. स्वस्तातलं घेऊ नये, अडकतं. महागातलं आपल्यासाठी नाही. "मीडियम बजेट," असं म्हणून ते दिरहॅममध्ये एक आकडा सांगायचे, मग डोळे मिटून रुपयांत सांगायचे, आणि दोन्ही वेळा तोंड कडू करायचे. फोनवर जाडजाड अमेरिकन माणसं गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ बघायचे आणि म्हणायचे, "ह्या लोकांचा काही भरवसा नाही. ह्यांना सगळंच आवडतं." ऑस्ट्रियाचं एक, झेकचं एक आणि तुर्कस्तानचं एक, अशी तीन त्यांनी निवडली. तीनच. मी हे ऐकताना पिळलेला टॉवेल पुन्हा पिळायचे. एवढा प्रेमळ, मुंगीला वळसा घालून जाणारा माणूस, आणि माझ्या बाल्कनीत उभा राहून मॅगझिनमध्ये किती राउंड बसतात ते सांगतोय! वर विचारायचा, "काही क्वेरी?"

पहिल्यांदा मी भांडले. सरळ म्हटलं, "भावोजी, वेडेपणा करू नका. तुम्ही जेलात गेलात तर ताईंनी कुणाकडे बघायचं?" ते म्हणाले, "ही टेक्निकल गोष्ट नव्हे," आणि टोपी घालून निघून गेले. पुढचा शुक्रवार आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. मी दारावरच्या प्रत्येक आवाजाला उठत होते. तिसऱ्या शुक्रवारी आले ते तुर्कस्तानवालं जवळजवळ पक्कं करूनच. भाव बसत होता, रिपोर्ट चांगले होते. माझं डोकं भणाणलं. भांडून हा माणूस ऐकणार नव्हता, रडून तर नाहीच. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ते सगळं ठीक आहे हो, पण आपल्या कोकणातल्या दमट हवेत ते गंजणार नाही का?"

भावोजींचा घास थांबला. चष्मा वर गेला. "हे मी बघितलंच नाही," ते म्हणाले. मला अजून आठवतं, त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला.

गंजाची क्वेरी चांगली पावसाळाभर टिकली. तिन्ही पिस्तुलांवरचा मुलामा, त्याला कुठलं तेल, ते तेल रोह्याला मिळतं की महाडला, मिळत नसेल तर काय, सगळं झालं. ते संपत आलं तशी मी विचारलं, बिघडलं तर दुरुस्त करणारा जवळपास कुठे आहे? ते गेलं तीन महिने पुढे. मग मी विचारलं, घरात ठेवणार कुठे? ताईंचं कपाट तर सुरीनेसुद्धा उघडतं. म्हणजे तिजोरी आली. तिजोरी म्हणजे तीन कोटेशन आली! त्या तिजोरीवर मी जवळजवळ एक वर्ष काढलं, देव तिचं भलं करो. हे मला म्हणायचे, "मनीषा, तुझं डोकं परचेसमध्ये पाहिजे होतं." मी म्हणायचे, "तुमचा भाऊ जेलबाहेर राहावा म्हणून राबतेय, चेष्टा काय करता?" दवाखान्यात पेशंट भूल चढायची वाट बघत बसले की मी फोनवर पिस्तुलं वाचायचे. एकदा डॉक्टरीणबाईंनी मागून पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी फार गोड बोलल्या.

मग भावोजींनी हट्ट धरला की हातात धरून बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथे तुमच्याआमच्यासारख्याला पिस्तूल विकत घेता येत नाही, पण शहराबाहेर शूटिंग क्लब आहे, पैसे भरले की त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली झाडता येतं. ह्यांनी यायला साफ नकार दिला. मी गेले, कुणीतरी जायलाच हवं होतं. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने ओळखपत्रं घेतली, आवाज अडवायला कानांवर लावायच्या वाट्या दिल्या आणि भावोजींनी तिला पहिल्याच वाक्यात विचारलं की तिन्ही झाडून पाहणाऱ्याला काही डिस्काउंट आहे का. नव्हतं. आत गेलो. समोर तारेवर कागद लटकवलेला, त्यावर माणसाची काळी आकृती. डोकं, खांदे, छाती. भावोजींनी पिस्तूल धरलं, शिकवणाऱ्याने पाय नीट करून दिले, आणि भावोजी तसेच उभे राहिले. "सर, शूट," तो म्हणाला. भावोजी उभेच. "सर? एव्हरीथिंग ओके?" भावोजींनी पिस्तूल हळूच खाली ठेवलं आणि त्याला म्हणाले, "दुसरा कागद मिलेगा? गोल गोल वाला?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. गोलांचा कागद लावला. आणि मग भावोजींनी, साठीला आलेल्या, चष्मा दोरीला बांधलेल्या त्या काडीसारख्या माणसाने, एकामागून एक गोळ्या अशा झाडल्या की सगळी भोकं बशीएवढ्या जागेत. शिकवणारा 'माशाल्ला' म्हणाला. हात इवलासाही हलत नव्हता. माझं बरं वाटणं तिथल्या तिथे विरघळलं. परतताना टॅक्सीत ते म्हणाले, "झेकवालं बरं आहे. हाताला बसलं." मी खिडकीबाहेर वाळू बघत होते. विचारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पण नशीब! आमच्या दवाखान्यात अक्कलदाढ काढायला साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले, इथे कुठल्याशा कंपनीत सिक्युरिटीला होते. सूज उतरल्यावर मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, हा नऊ एमएमच्या गोळीचा नाद सोडा. आपल्याकडे साध्या माणसाला ते मिळत नाही, फौजेला आन पोलिसाला. बाहेरनं आणाल तर कस्टममध्येच बसाल. लायसनवर बारीक गोळीचं, बत्तीस बोअरचं घ्यायचं, तेपण देशी." शुक्रवारी मी ताट वाढायच्या आधीच हे भावोजींना सांगितलं. इतक्या दिवसांचा सगळा अभ्यास, ऑस्ट्रिया, झेक, तुर्कस्तान, गंज, तेल, क्लबात घातलेले पैसे, सगळं खलास. मला वाटलं, आता चिडणार. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "म्हणजे सगळं पहिल्यापासून."

"हो, भावोजी."

"बरं झालं विचारलंस," ते म्हणाले, आणि मला शपथ घालून विचारलंत तरी सांगेन, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याची कळा होती. त्या दिवशी ते आमच्या सोफ्यावर घोरत झोपले. निखिल गेल्यापासून त्यांना असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण कुणाचाही व्हिसा जन्मभर पुरत नाही. त्यांची नोकरी संपली, हिशेब मिळाला, अजमानमधला पलंग दुसऱ्याला गेला. गावी त्यांच्या वडिलांच्या नावावर शेतीसाठी बंदूक होती, तिचा परवाना होता. त्यात डंपरवाल्यांविरुद्ध तक्रार केली म्हणून त्यांच्या घरी धमकीही येऊन गेली होती, तेव्हा स्वतःच्या रक्षणासाठी परवाना मिळणं काही अशक्य नव्हतं. अर्ज त्यांनी आधीच्या सुट्टीत टाकूनही ठेवला होता, आम्हाला न सांगता. विमानतळावर हे ट्रॉली आणायला गेले तेव्हा दोरीने आवळलेल्या खोक्यापाशी आम्ही दोघंच उभे होतो. मी सगळी हुशारी सोडून दिली. म्हटलं, "भावोजी, नका घेऊ. मी पाया पडते."

"कारण?"

"कारण काय विचारता? तुम्हाला माहीत आहे कारण."

"टेक्निकल कारण दे."

मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, पदर नसल्यामुळे ओढणी तोंडाला लावून रडायला लागले. भावोजी एक पाऊल पुढे आले, थांबले. धाकट्या भावाच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवायची त्यांची पिढी नाही. खोक्याच्या दोरीची गाठ पुन्हा आवळत म्हणाले, "रडणं म्हणजे क्वेरी नव्हे, मनीषा." मग हे ट्रॉली घेऊन आले.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रात्रंदिवस फोनची धास्ती. जाऊबाई आत जाऊन, नळ सोडून, हळू आवाजात मला बातम्या द्यायच्या. भावोजी रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. डंपर गेला की नंबर बघतात. एकदा तो स्वतः गाडी थांबवून, काच खाली करून विचारून गेला, काय काका, तब्येत बरी ना? भावोजींनी मान हलवली. घरात येऊन दोन दिवस जेवले नाहीत. आणि मग एक दिवस, "मनीषा, परवाना आला गं. सही करून घेऊन आलेत. देवासमोर ठेवलाय." ह्यांनी दादाला फोन केला, हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

तो फोन आला तेव्हा दुपार होती. दवाखान्यात दाढ दुखणारं एक पोर भोकाड पसरून रडत होतं आणि त्याची आई मला इन्शुरन्सचं कार्ड दाखवत होती. स्क्रीनवर भावोजींचं नाव.

"मनीषा, मुंबईत आहे. दुकानात." आवाज ऑफिसातला. "तिन्ही समोर ठेवलीत. फुल साइज, बत्तीस बोअर. एक सरकारी कारखान्याचं, दोन प्रायव्हेट. मी सरकारी पक्कं केलंय. बजेटमध्ये आहे. मुलामा चांगला. दुरुस्ती पनवेलला होते. तिजोरी बसवून झाली." मागे पंख्याचा आवाज. "बिल करू म्हणतो. काही क्वेरी आहे का?"

पैसे त्यांच्या खिशात, परवाना हातात, पिस्तूल काचेवर. आणि दुकानात उभं राहून तो माणूस समुद्रापलीकडे मला विचारत होता. कशाला विचारत होता? घ्यायचंच होतं तर कशाला विचारत होता? मला तेव्हा लखकन कळलं की हा दर शुक्रवारी माझ्याकडे जेवायला नाही, क्वेरी न्यायला येत होता. पण कळून उपयोग काय, माझं सगळं डोकं रिकामं झालं होतं. गंज संपला, तेल संपलं, तिजोरी संपली, बोअर संपला. समोरचं पोर किंचाळलं. आणि माझ्या तोंडून, देवा शप्पथ, विचार न करता, मूर्खासारखं निघालं, "भावोजी, त्याचे ब्रेक कसे आहेत?"

मला वाटलं फोन कटला. पंखा ऐकू येत होता. कुणीतरी दुकानदार म्हणत होता, साहेब, बिल कुणाच्या नावाने करू?

मग भावोजी बोलले. तो ऑफिसातला आवाज नव्हता. "ब्रेक नसतात गं त्याला."

"मग?" मी म्हटलं. "मग कसं हो घ्यायचं, भावोजी?"

ते रडत होते. दुकानात, लोकांसमोर. मीही रडत होते, आणि इन्शुरन्सवाली बाई घाबरून आपलं कार्ड मागे घेत होती. "विचारतो," ते म्हणाले. "थांब. विचारतो मी त्यांना." आणि फोन बंद झाला.

रात्रीपर्यंत मला अन्न गेलं नाही. मग जाऊबाईंचा फोन आला, की भावोजी आले घरी एस्टीने, हातात नुसती पिशवी. पिशवीत केळी. "तिन्ही दुकानांचे भाव सांगत बसलेत," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच नळ सोडलेला नव्हता.

याला आता बरेच दिवस झाले. तो अजून तसाच आहे, दोनाचे चार डंपर झालेत, फलक दरवर्षी मोठा होतोय. न्याय वगैरे काही झालेला नाही, तेव्हा गोड शेवट माझ्याकडे मागू नका. भावोजी संध्याकाळी फाटकाशी बसतात. परवाना देवासमोर आहे, तिजोरी रिकामी आहे, आणि फोन वाजला की मी अजूनही हातातलं काम टाकून धावते. शुक्रवारी मी सवयीने सुरमईची एक तुकडी जास्त तळते आणि ती कुणीच खात नाही. जेवणं उरकली की त्यांचा फोन येतो. पाऊस, आंबा, जाऊबाईंचे गुडघे, सगळं झालं की ते म्हणतात, "त्या दुकानदाराचं उत्तर काही आलं नाही गं अजून."

"लेखी मागवलंय ना तुम्ही?"

"लेखीच मागवलंय."

"मग येईल हो."

"घाई नाही ना तुला?" ते विचारतात.

"नाही भावोजी," मी म्हणते, "मला काहीच घाई नाही." मग ते खुर्ची आत घेतात, खुर्ची ओढल्याचा आवाज मला इथे ऐकू येतो, आणि मी ती उरलेली तुकडी झाकून ठेवते.